पंचगंगेसाठी आधी नमुन्याची बाटली सुधारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पंचगंगेत मासे मेले की बातमी येते. दुसऱ्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बंधाऱ्यावर जाऊन पाण्याचे नमुने घेतात, काही दिवसांनी कुणाला तरी कारणे दाखवा नोटीस निघते आणि पुढचे मासे मरेपर्यंत विषय मिटतो. अशा वेळी एकजण कायदा कडक करा म्हणतो, दुसरा मंडळच बरखास्त करा म्हणतो. आमच्या मते दोघांचेही बोट दुखऱ्या जागेवर पडत नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा आला तो १९७४ मध्ये. आज लागू असलेल्या या केंद्रीय कायद्याच्या कलम २३ खाली मंडळाचा अधिकारी कुठल्याही वाजवी वेळी कारखान्यात शिरू शकतो. कलम ३३अ खाली कारखाना बंद करता येतो, त्याची वीज आणि पाणी तोडता येते. कारखान्याने अटीप्रमाणे काम केले नाही तर कलम ३० खाली मंडळ ते स्वतः करून खर्च वसूल करू शकते. अधिकार भरपूर आहेत. अडते ते नदीच्या काठावर. नमुना कधी घेतला, कसा घेतला, किती वेळात तपासला आणि आलेला आकडा कुणाला दाखवला, या चार गोष्टींवर पुढची सगळी कारवाई उभी राहते किंवा कोसळते. म्हणून मंडळाच्या सुधारणेची सुरुवात नमुन्याच्या बाटलीपासून व्हावी.

आधी वेळेबद्दल. नदीचा नियमित नमुना महिन्यातून एकदा, ठरलेल्या ठिकाणी, कार्यालयीन वेळेत घेतला जातो. पंचगंगेसारख्या नदीत एवढ्याने फसगत होते. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून निघालेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत उन्हाळ्यात सलग वाहतच नाही. राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांमागे तिची तळ्यांची माळ होते. साचलेल्या पाण्यात शेवाळ वाढते. दिवसा ऊन असते तोवर शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, आणि रात्री तेच शेवाळ, तळाचा गाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू मिळून तो संपवतात. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. सांडपाणी आणि शेवाळ दोन्ही असलेल्या पाण्यात दुपारी दोनला ७ किंवा ८ दिसू शकतो आणि पहाटे पाचला त्याच जागी १ सुद्धा नसतो. मासे पहाटे मरतात. दुपारी बाटली भरणाऱ्याच्या वहीत मात्र नदी ठणठणीत निघते.

बंधाऱ्यांचे आणखी एक दुखणे आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. मधल्या सात-आठ महिन्यांत नाल्यांतून आलेला मैला, कारखान्यांचे पाणी आणि कुजलेली जलपर्णी तळाशी बसते. त्या थरात प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया मात्र भरपूर असतो. बरगे एकदम काढले, किंवा वळवाच्या एका सरीने नाले धुऊन आणले, की हा थर ढवळून खाली सरकतो आणि पुढच्या डोहातला प्राणवायू काही तासांत पिऊन टाकतो. बरगे काढण्याचा निर्णय जलसंपदा विभागाचा असतो आणि पाण्याच्या तपासणीचे काम मंडळाचे. या दोघांमध्ये एका फोनची सुद्धा बांधिलकी नाही. बरगे एकाआड एक, दोन-तीन दिवसांत, वरून थोडे ताजे पाणी सोडून काढावेत, काढण्याआधी तळाचा प्राणवायू मोजावा आणि तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर थांबावे, असा लेखी नियम दोन्ही कार्यालयांनी मिळून एका दिवसात करता येईल. त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.

आता बाटलीकडे. विरघळलेला प्राणवायू प्रयोगशाळेत नेऊन मोजायची गोष्ट नाही, तो काठावरच बांधावा लागतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, त्यात मँगेनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड हे दोन द्रव २-२ मिलिलिटर बाटलीच्या तोंडाखाली पिपेट बुडवून सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी गाळ बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. गाळ पांढराच राहिला तर नाही. बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या गावकऱ्याला सुद्धा तो रंग दिसतो, त्याच्यासमोर खोटे बोलता येत नाही. बाटलीत बुडबुडा राहिला किंवा द्रव न घालता बाटली तशीच जीपमध्ये ठेवली, तर आलेला आकडा फेकून द्यायच्या लायकीचा असतो.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. त्याचा नमुना बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत चाचणीला लागला पाहिजे. आपल्याकडची चाचणी २७ अंशांना ३ दिवसांची. उशीर झाला तर बाटलीतले जिवाणू वाटेतच घाण खाऊन टाकतात आणि आकडा कमी येतो, म्हणजे उशिराचा फायदा सांडपाणी सोडणाऱ्याला मिळतो. सीओडीच्या (घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या) नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणावा लागतो. जिवाणूंची बाटली निर्जंतुक हवी, आणि क्लोरिन घातलेल्या पाण्याचा नमुना असेल तर आत आधीच सोडियम थायोसल्फेट हवे, नाहीतर वाटेत क्लोरिन उरलेले जिवाणू मारत राहतो. एका ठिकाणच्या चार तपासण्यांसाठी चार वेगळ्या बाटल्या लागतात. प्लास्टिकच्या एकाच कॅनमध्ये दोन लिटर पाणी भरून, संध्याकाळच्या गाडीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना काहीच सिद्ध करत नाही. म्हणून दर नदीखोऱ्याला, काठापासून दोन-तीन तासांच्या अंतरात, निदान बीओडी, सीओडी, अमोनिया आणि जिवाणू एवढ्या तपासण्यांची प्रयोगशाळा हवी आणि ती रविवारीही उघडी हवी. तीन दिवसांची चाचणी लावणारी प्रयोगशाळा आठवड्याची सुट्टी पाळू लागली तर गुरुवारी लावलेल्या नमुन्याचा शेवटचा आकडा वाचायला माणूस नसतो, म्हणून गुरुवारी नमुने नकोत असा अलिखित नियम पडतो. सोडणाऱ्यांना तो नियम पाठ असतो.

शास्त्र सांभाळून आणलेला नमुनाही न्यायालयात पडतो, कारण कलम २१ ची पद्धत पाळलेली नसते. ही पद्धत अवघड नाही. नमुना घेताना तिथे हजर असलेल्या जबाबदार माणसाला विश्लेषण करून घेण्याचा इरादा असल्याची नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांडी सीलबंद करून खुणा करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. मालकाने मागणी केली तर दुसरा भाग शासनाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो आणि दोन अहवालांत फरक आला तर शासकीय प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला जातो. माणूस मुद्दाम निघून गेला तर अधिकाऱ्याने एकट्याने सील करून सही करायची आणि विश्लेषकाला त्या गैरहजेरीबद्दल लेखी कळवायचे. शेवटची ही चिठ्ठीच बहुतेक वेळा राहते. नोटिशीवर वेळ नसते, सीलची खूण अहवालात उतरलेली नसते. बचावाच्या वकिलाला एवढे पुरते. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. दर क्षेत्र अधिकाऱ्याच्या गाडीत तयार पेटी असावी: कार्बन प्रतींसह छापील नोटिसा, क्रमांकाची सीले, धुऊन तयार ठेवलेल्या दोन संच बाटल्या, बर्फाची पेटी, तपासून आणलेला प्राणवायू मापक. पोलिसांच्या पंचनाम्याला जशी सवय आणि शिस्त असते तशी या जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल, म्हणजे कारखान्याच्या माणसासमोर घेतलेल्या) नमुन्याला लागायला हवी.

एक नमुना म्हणजे एका क्षणाचे पाणी. पाणी सोडणारा रात्री साडेबाराला व्हॉल्व्ह उघडतो आणि चारला बंद करतो. यावर उपाय आहे तो स्वयंचलित नमुना यंत्राचा. शीतपेटीत २४ बाटल्या, दर तासाला एक भरते, कुलूप मंडळाचे. अशी पाच-सहा यंत्रे खोऱ्यात सतत फिरती ठेवली, आज या नाल्यावर, परवा त्या सामूहिक (अनेक कारखान्यांच्या सांडपाण्याच्या) प्रक्रिया केंद्राच्या आवक वाहिनीवर, तर कुठल्या नाल्याचे पाणी किती वाजता काळे होते हे महिन्याभरात कागदावर येईल. इचलकरंजीतल्या काळ्या ओढ्यावर आणि कोल्हापूरच्या जयंती व दुधाळी नाल्यांवर सुरुवात करावी.

नमुना न घेताही पुष्कळ कळते, आणि याकडे मंडळाचे सर्वांत कमी लक्ष आहे. समजा एका कारखान्यातून रोज १००० घनमीटर सांडपाणी निघते आणि त्याचा बीओडी लिटरला ८०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज ८०० किलो बीओडी. ती जिवाणूंकडून पचवायची तर किलोमागे साधारण एक किलो किंवा थोडा जास्त प्राणवायू लागतो आणि चालू स्थितीतला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) एका युनिट विजेत सव्वा-दीड किलोहून अधिक प्राणवायू देत नाही. म्हणजे निव्वळ हवा देण्यासाठी रोज सहाशे ते नऊशे युनिट लागणार. प्रक्रिया केंद्राच्या स्वतंत्र वीज मीटरवर रोज दीडशे युनिट दिसत असतील तर ते पाणी शुद्ध झालेले नाही, मग कागदावरचा बीओडी १८ असो की २८. हाच हिशेब गाळाचाही. किलोभर बीओडी काढली की साधारण ३०० ते ५०० ग्रॅम कोरडा गाळ तयार होतो. ८०० किलोला अडीचशे ते चारशे किलो. फिल्टर प्रेसमधून निघणारी वडी २० टक्के कोरडी धरली तर रोज सव्वा ते दोन टन ओला गाळ. तो कुठे गेला? त्याच्या पावत्या नसतील तर गाळ तयारच झाला नाही, किंवा पाण्याबरोबर नदीत गेला. वीज, गाळ, चुना-फेरस या प्रक्रियेच्या रसायनांची खरेदी आणि पाण्याचे बिल हे चार आकडे दर महिन्याला एका पानावर मागवले आणि कार्यालयात बसून ताडून पाहिले, तर कुणाच्या दारात रात्री जायचे ते आधीच कळते. संमतीपत्राच्या, म्हणजे मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीच्या, अटीत प्रक्रिया केंद्राला वेगळा वीज मीटर असावा असे लिहिणे सोपे असते. तो मीटर वाचणारा माणूस मंडळाकडे हवा.

ऑनलाइन तपासणी यंत्रांवरचा भरवसा जरा कमी करावा असे आम्हाला वाटते. अतिप्रदूषणकारी १७ वर्गांतल्या उद्योगांना ही यंत्रे बसवण्याचा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये दिला, हे चांगलेच झाले. पण बीओडी-सीओडीचे बहुतेक संवेदक प्रकाशाच्या शोषणावरून अंदाज काढतात. त्यांना त्या कारखान्याच्या पाण्याशी जुळवून घ्यावे लागते, काच आठवड्याला पुसावी लागते. संवेदक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला तर सर्व्हरवर सुरेख सरळ रेषा जाते. खऱ्या सांडपाण्याचा आकडा सरळ कधीच नसतो. पाळी बदलते, धुलाई होते, पाऊस पडतो आणि तो हलत राहतो. म्हणून मर्यादा ओलांडली की धोक्याची घंटा, एवढेच पुरेसे नाही. आकडा बारा तास हलला नाही तरीही घंटा वाजली पाहिजे, आणि प्रवाह मापक शून्य दाखवत असताना वीज चालू असेल तरीही.

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने आणि आसवन्यांबद्दल वेगळे बोलावे लागेल. आसवनीतून दर लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश (अल्कोहोल काढल्यावर उरलेले सांडपाणी) निघतो आणि त्याचा बीओडी लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो. १० हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर सुमारे ५०० किलो बीओडी. माणशी रोजची ४५ ग्रॅम धरली तर अकरा हजार वस्तीच्या गावाचा दिवसभराचा मैला एका टँकरमध्ये. आसवन्यांना शून्य विसर्गाची अट आहे, म्हणजे एकही टँकर बाहेर जायलाच नको. प्रत्येक टँकरला जीपीएस, आणि तो कारखान्याच्या फाटकातून किती भरून गेला आणि कुठे उतरला याची नोंद लागते. साखर कारखान्यांसाठीचा २०१६ चा नियम तर बराच सविस्तर आहे. टनभर उसामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर जाता कामा नये, आणि गळीत सुरू होण्याच्या महिनाभर आधी प्रक्रिया केंद्र स्थिरावलेले असावे. कारण जिवाणू एका रात्रीत तयार होत नाहीत. टाकीत शेण आणि मळी टाकून त्यांना तीन-चार आठवडे पोसावे लागते. गळीत सुरू झाल्यावर केंद्र सुरू केले तर पहिला महिना पाणी जवळपास तसेच बाहेर जाते. म्हणजे मंडळाची तपासणी गव्हाण पूजनाच्या आधी व्हायला हवी. एरेशन टाकीतले एक लिटर पाणी मापपात्रात अर्धा तास ठेवायचे. खाली दोन-तीनशे मिलिलिटर गाळ बसला आणि वर पाणी नितळ राहिले तर जिवाणू आहेत. सगळे पाणी स्वच्छ राहिले तर टाकी नुसतीच भरलेली आहे. अर्ध्या तासाचे काम.

इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे तसे नाही. तिथे छोटे छोटे सभासद कारखाने सामूहिक केंद्राला पाणी देतात. खळ काढण्याच्या धुलाईतल्या स्टार्चमुळे बीओडी चढतो आणि मर्सरायझिंगच्या (कापडाला चकाकी आणण्याच्या प्रक्रियेच्या) कॉस्टिकमुळे सामू १२ च्या वर जातो. एका प्रोसेस कारखान्याने रात्री कॉस्टिकची टाकी मोकळी केली तर सकाळी सामूहिक केंद्रातले जिवाणू मेलेले असतात आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्यांचेच पाणी जसेच्या तसे जाते. नोटीस केंद्राला मिळते, केंद्र सभासदांकडे बोट दाखवते, सभासद एकमेकांकडे. सभासदाच्या वाहिनीवर प्रवाह मापक आणि सामूचा साधा संवेदक बसवावा आणि सामू ९ च्या वर गेला की त्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, ही अट घातली तर गुन्हेगार शोधण्याची वेळच येत नाही. प्रामाणिकपणे चालवणाऱ्या छोट्या प्रोसेसवाल्याचेही त्यात हित आहे, कारण दंड आज सगळ्यांमध्ये वाटला जातो. २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ सोसलेल्या या शहराला पाण्याचे महत्त्व आम्ही सांगायला नको.

आता महापालिका आणि नगरपालिका. कारखान्यांवर बोट ठेवणे सोपे असते, पण नदीत जाणाऱ्या पाण्याचा आकार पाहिला तर शहरांचा मैला मोठा आहे. उन्हाळ्यात नदीतून सेकंदाला २ घनमीटर पाणी वाहते आणि त्याचा बीओडी २ आहे असे धरा. म्हणजे दिवसाला सुमारे १७ कोटी लिटर. त्यात २०० बीओडीचे फक्त १ कोटी लिटर कच्चे सांडपाणी मिसळले की मिश्रणाचा बीओडी जवळपास १३ होतो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. जयंती नाल्याचे पाणी बांध घालून, उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेले जाते. वीज गेली, पंप जळला किंवा पाऊस आला की ते बांधावरून नदीत जाते. अशा ठिकाणी मोठे केंद्र बांधण्यापेक्षा राखीव पंप, जनित्र आणि बांधावरून पाणी गेले की वेळ नोंदवणारा साधा फ्लोट स्विच जास्त कामाचा. किती तास ओसंडले हे मंडळाने दर महिन्याला मागवावे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये नागरी सांडपाण्याच्या केंद्रांसाठी तीन वर्षे दिली होती. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत जास्त. त्यानंतरच्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला आणि महाराष्ट्राचा ५५ झाला.

दंडाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पर्यावरण भरपाई म्हणजे प्रदूषण निर्देशांक गुणिले उल्लंघनाचे दिवस गुणिले ठरलेले रुपये गुणिले उद्योगाच्या आकाराचा आणि ठिकाणाचा गुणांक. लाल (सर्वाधिक प्रदूषणकारी) वर्गातल्या मोठ्या उद्योगाला, दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहराजवळ, ८० गुणिले २५० गुणिले दीड, म्हणजे दिवसाला ३० हजार रुपये. समजा त्याचे सांडपाणी १००० घनमीटर आहे आणि नीट प्रक्रियेला घनमीटरमागे ६० रुपये पडतात. केंद्र बंद ठेवून तो दिवसाला ६० हजार वाचवतो आणि पकडला गेला तर ३० हजार भरतो. या सूत्रातला ताकदीचा आकडा आहे तो दिवसांचा, आणि तिमाहीत एकदा नमुना घेतला तर दिवस सिद्धच करता येत नाहीत. म्हणजे पुन्हा बाटलीशीच यावे लागते. वीज मीटरच्या नोंदीवरून दिवस मोजण्याची तरतूद केली आणि भरपाई कधीही वाचलेल्या खर्चाच्या दुपटीहून कमी नसेल असे ठरवले तर हिशेब उलटतो. भरपाई आकारण्याचा अधिकार मंडळांना कलम ३३अ खाली आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा आता कायद्याची सबब उरत नाही.

हे सगळे करायचे कुणी? क्षेत्र अधिकाऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही. पाण्याबरोबर हवा, आवाज, जैववैद्यकीय कचरा, घातक कचरा, प्लास्टिक, ई-कचरा आणि हरित लवादाला द्यायची उत्तरे त्याच्याच टेबलावर असतात. संमतीपत्राची शिफारस करणारा तोच आणि ते मोडले का हे पाहणाराही तोच. ही दोन कामे वेगळ्या साखळीत टाकावीत. संमती देणारे वेगळे, दक्षता पथक वेगळे, आणि दक्षता पथकाचा अहवाल प्रादेशिक कार्यालयाला न विचारता थेट सदस्य सचिवांकडे जावा. मंडळाच्या उत्पन्नाचीही अडचण आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि पाणी उपकर गेला. आता मोठा भार संमती शुल्कावर आहे, आणि ते उद्योगाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या गुंतवणुकीवर मंडळाचे पोट अवलंबून. शुल्काचा काही भाग सोडलेल्या बीओडीच्या किलोंवर बसवला तर ही ओढ निदान योग्य दिशेला वळेल.

मंडळाच्या रचनेत कायद्याचीच एक विचित्र जागा आहे. कलम ६ प्रमाणे सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्या कंपनीत हितसंबंध असणारा माणूस सदस्य होऊ शकत नाही. पण सांडपाणी सोडणाऱ्याला अशी आडकाठी नाही. उलट कलम ४ प्रमाणे स्थानिक संस्थांचे पाचपर्यंत प्रतिनिधी आणि उद्योगाचेही प्रतिनिधी मंडळावर घेता येतात. त्यांना हाकलावे असे आम्ही म्हणत नाही, त्यांची माहिती लागते. पण स्वतःच्या शहराचा किंवा उद्योगाचा विषय निघाला की त्यांनी बाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे, हा नियम राज्य शासन करू शकते. अध्यक्ष पूर्णवेळ असावा की अर्धवेळ हे कायद्याने शासनावर सोडले आहे. तो पूर्णवेळच असावा, आणि त्याला पाण्याचे किंवा प्रदूषण नियंत्रणाचे प्रत्यक्ष ज्ञान असावे. नेमणुकांसाठी नियम करा असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना सांगून सहा महिने दिले होते. २०२४ च्या दुरुस्तीने अध्यक्षांच्या नेमणुकीची पद्धत ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला आहे. ही दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती, इतर राज्यांना ठराव करून ती स्वीकारता येते. तिच्यात अनेक गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला आहे. वर मांडलेला हिशेब पाहता ज्याचा रोजचा नफा मोठा आहे त्याला याचा धाक कितपत वाटेल, याची आम्हाला काळजी वाटते.

पारदर्शकतेबद्दल थोडक्यात. विश्लेषणाच्या अहवालाच्या तीन प्रती निघतात असे कलम २२ म्हणते: एक कारखान्याला, एक न्यायालयासाठी, एक मंडळाच्या दप्तरात. ते पाणी पिणाऱ्या गावाला एकही नाही. तरीही कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे मंडळाला बंधनकारक आहे आणि विसर्गाची झळ पोचणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कुठलाही नागरिक स्वतः फिर्याद करू शकतो आणि मागितले तर मंडळाने त्याला अहवाल द्यायचे असतात. काठावरच्या ग्रामपंचायतींनी हे दोन्ही अधिकार वापरून पाहावेत. मंडळाने आपण होऊन एवढे करावे: प्रत्येक जेव्हीएस नमुन्याचा निकाल, घेतल्याची तारीख, वेळ आणि तपासणीला लागल्याची वेळ यांसह, दहा दिवसांत संकेतस्थळावर मराठीत टाकावा. घेतल्याची आणि लागल्याची वेळ शेजारी शेजारी छापली की अर्धे दोष आपोआप दुरुस्त होतील.

आणि शेवटी नदीला एक धनी हवा. आज कोल्हापूरचे नाले महापालिकेचे, काळा ओढा इचलकरंजीचा, बंधारे जलसंपदाचे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, आणि नृसिंहवाडीच्या पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक. प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी एवढ्या पट्ट्याची जबाबदारी असलेला एक खोरे अधिकारी मंडळाने नेमावा, ज्याचे काम कारखान्यांच्या यादीवरून न ठरता नदीच्या आकड्यांवरून ठरेल. त्याच्या हाताखाली एक फिरती प्रयोगशाळा, वर सांगितलेली स्वयंचलित यंत्रे आणि चार माणसे. पाच बंधाऱ्यांवर पाण्याच्या तळाशी आणि वर असे दोन-दोन प्राणवायू संवेदक बसवावेत, दर पंधरा दिवसांनी ते काठावरच्या बाटलीशी ताडून पाहावेत आणि पहाटे पाचचा आकडा रोज सकाळी जाहीर करावा. यंदाचे बरगे घालण्याआधी निदान तेरवाडच्या बंधाऱ्यावर तरी हे सुरू करावे, ही आमची मंडळाला विनंती आहे.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया व पाणी तपासणीच्या क्षेत्रातील काही अभियंते व रसायनतज्ज्ञ, कोल्हापूर